ओळखीचे दात

दंतोपंतांचं खरं नाव वीजबिलावर आहे आणि तिथेही ते चुकीचं छापलंय. बाकी सगळं जग त्यांना दंतोपंतच म्हणतं, कारण ते कवळ्या करतात. डॉक्टर वेगळे. डॉक्टर खुर्चीवर झोपवून तोंडाचा ठसा घेतात आणि तो एका डबीतून दंतोपंतांच्या मागच्या खोलीत येतो. तिथे प्लास्टर, मेण आणि एक चिडका बर्नर यांच्या संगतीत ठशाची हिरडी होते, हिरडीवर दात बसतात आणि चार-आठ दिवसांनी कुणीतरी अनोळखी म्हातारा पुन्हा भाजलेले दाणे खायला लागतो. दंतोपंतांना तो म्हातारा कधी भेटत नाही, पण रस्त्यात दिसला तर ते त्याला दातांवरून ओळखतात. माणसाचं तोंड आधी बघायचं आणि नाव मागून विचारायचं, ही त्यांची जुनी खोड. बायको आजही ऐकवते, "पहिल्या भेटीत लोक डोळ्यांत बघतात. हे माझ्या सुळ्यांत बघत होते."

अशा माणसाची आई दोन वर्षं बिनदाताची होती. गल्लीतल्या अर्ध्या बत्तिश्या दंतोपंतांच्या हातच्या, आणि घरात बोळकं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आईच्या मापाला हात घालायची त्यांना भीती वाटत असावी, पण सांगताना ते "कामाचा रेटा" असं सांगत.

आईची मात्र काही तक्रार नव्हती. तिचं हसणं हा गल्लीचा सार्वजनिक नळ होता. कधीही सुटायचा आणि आसपासची माणसं त्यात भिजून निघायची. जिन्यावरून आधी हसू वर यायचं, मागून आई. दात गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता हे आटेल. उलट त्याला मोकळी जागा मिळाली. शेजारीण म्हणायची, "आजी हसल्या की आतलं घर दिसतं."

या उन्हाळ्यात परदेशातल्या ताईने दंतोपंतांना बोलावून घेतलं. तिच्या ओळखीच्या एका मोठ्या लॅबमधले कारागीर उन्हाळ्याच्या सुट्टीवर जाणार होते, तीन महिने हाताखाली जाणता माणूस हवा होता. तिकीट आलं, आणि निघायला आठवडा उरला तेव्हा दंतोपंतांना एकदम आठवलं, की आईचे दात राहिले. विहीर खणायला घेतली ती घर पेटल्यावर.

ठसा घेतला. हिरड्या छान होत्या. अडलं ते पुढच्या दातांपाशी. जगाचे दात लक्षात ठेवणाऱ्या दंतोपंतांना आईचेच आठवेनात. मूळचे दात कसे होते हे बघायला जुने फोटो बाहेर काढले, तर त्या काळच्या सगळ्या फोटोंत आई ओठ मिटून उभी. तिला विचारलं, तर म्हणाली, "दात होते बाबा. पांढरे होते. अजून काय सांगू?" अशा वेळी या धंद्यातली रीत अशी, की रक्ताच्या नात्यातल्या कुणाचे तरी दात बघून बेतायचं. दंतोपंतांच्या टेबलावर त्यांच्या स्वतःच्या दातांचा एक प्लास्टरचा साचा होता. शिकत असताना मुलांनी एकमेकांचे ठसे घेतले होते, त्यातला. इतकी वर्षं तो कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला होता. मुलगा आईवर जायचा नाही तर कुणावर जाणार, असं म्हणून त्यांनी तो समोर ठेवला आणि मेणात एकेक दात लावत गेले. पुढचे दोन किंचित रुंद, डावा शेजारी जरासा आत वळलेला. हुबेहूब.

निघायच्या सकाळी कवळी साच्यातून निघाली, घासूनपुसून चकचकीत झाली आणि आईच्या तोंडात बसली. अशी बसली, की दंतोपंतांना स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं. आईने आरसा हातात घेतला. ओठ उघडले, बघितलं. मग तळहात तोंडावर ठेवून म्हणाली, "छान झालीय हो."

खाली टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. दंतोपंत पायऱ्या उतरून गेले. विमान वर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आई त्यांना उभ्या जन्मात कधी "हो" लावून बोललेली नव्हती.

तिथून पुढचा उन्हाळा कसा गेला ते ताईने एका वाक्यात सांगून टाकलं. "तू माझ्याकडे राहायला आलायस, की आईच्या तोंडात?"

लॅब मोठी होती, उजेडाची होती. तिथे दात संगणकाच्या पडद्यावर फिरवायचे आणि यंत्र ते कोरून द्यायचं. दंतोपंत मन लावून शिकले, लोकही भले होते. पण दुपारच्या सुट्टीत सगळे बागेत पाय पसरून बसले, की हे फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे.

"आई कवळी घालते ना?"

"घालतात की," पलीकडून बायको. "सकाळी घालतात, रात्री भांड्यात ठेवतात. अगदी शिस्तीत."

"टोचते का?"

"विचारलं. नाही म्हणाल्या."

"जेवते कशी?"

"पाठ करून."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्याकडे पाठ करून जेवतात. बोलताना तोंडावर हात. आणि हसणं बंद. परवा शेजारीण विचारायला आली, घरात कुणी आजारी आहे का. तुमच्या कवळीने घरात शांतता आणली, एवढं मात्र खरं."

बायकोने हे गमतीत म्हटलं. दंतोपंतांनी दुपारचा डबा न उघडताच परत आत नेला. वीस वर्षांत त्यांनी किती लोकांना दात दिले याला गणती नाही, आणि सगळ्या जगात ज्या एका बाईचं हसू त्यांना रोज जिन्यावर ऐकू यायचं, ते त्यांच्याच हाताने बंद पडलं होतं. ते रात्री कूस बदलत आणि मनातल्या मनात ती कवळी हातात घेऊन फिरवत. उंची जास्त झाली असेल. जबडा ताणला जात असेल. नाहीतर खालची उचलत असेल, हसताना टकटक वाजत असेल, म्हणून हात. सकाळी ताईच्या चहाच्या कपाच्या कडेला नख वाजवून ते तो आवाज ऐकून बघत. ताई म्हणायची, "कप फुटला तर तुझ्याच दातांनी जोडून घेईन."

परतीच्या विमानाला मधल्या एका शहरात दिवसभराचा मुक्काम होता. सकाळी उतरायचं, संध्याकाळी पुढचं विमान. ताईने विमानतळावर बजावलं, "पूल बघ, संग्रहालय बघ, आणि माझी शपथ आहे, लोकांच्या तोंडाकडे बघू नकोस."

दंतोपंत शहरात गेले खरे, पण शहर त्यांच्यात काही शिरलं नाही. ट्रामची बाकं समोरासमोर होती, म्हणजे फुकटचं प्रदर्शन. समोरच्या टकल्या गृहस्थांच्या वरच्या चार दातांवर त्यांची नजर खिळली. ते गृहस्थ आधी पेपरामागे गेले आणि मग पुढच्याच थांब्यावर उतरून गेले. पूल लांबलचक होता, दगडी होता, लोक त्याच्यावर उभे राहून एकमेकांचे फोटो काढत होते. दंतोपंत मध्यापर्यंत चालत गेले, खालच्या दाढांचा विचार करत परत फिरले आणि या टोकाला आल्यावर त्यांना प्रश्न पडला, की खाली पाणी होतं का? पुन्हा जाऊन बघण्यात अर्थ नव्हता. भूक होती, पण दुकानाच्या काचेपुढे उभं राहिलं की ती जायची. एका बाकावर बसले. उठले. पलीकडच्या बाकावर बसले. तिथून पहिला बाक जास्त बरा दिसत होता.

संग्रहालयात दगडी डोक्यांचं एक दालन होतं. राजे, सेनापती, त्यांच्या राण्या. दंतोपंत एका टोकाहून निघाले आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्यांना एकाही तोंडात एकही दात दिसला नाही. सगळ्यांचे ओठ घट्ट मिटलेले. मूर्तिकारांना दात जमत नसावेत, असं त्यांना आधी वाटलं आणि जरा बरंही वाटलं. मग शेवटच्या राणीपाशी ते थांबले. ही बाई जिवंतपणी हसत असेलच ना? मग दगडात उतरायच्या वेळी तिने ओठ का मिटले? कुणासमोर मिटले?

त्यांनी बाहेर पायऱ्यांवर येऊन घरी फोन लावला. या वेळी चित्राचा.

"आई, मोज."

"काय मोजू?" पडद्यावर आईचे डोळे, कपाळ आणि खाली तळहात.

"एकसष्टपासून."

"का रे? कुणी हरवलंय का?"

"मोज गं. कवळी बरोबर बसली असेल तर हे आकडे नीट येतात."

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." आई शाळेतल्या मुलीसारखी मोजत गेली. एकही सकार सुटला नाही, एकही शिट्टी नाही, टकटक नाही. एवढे स्वच्छ आकडे बातम्या देणाऱ्यांच्याही तोंडून येत नाहीत. खरं तर इथे दंतोपंतांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो भांड्याच्या काठावर आपटला आणि बाहेर घरंगळला. कवळी बरोबर आहे, तर मग?

"हात काढ ना जरा."

"कुठला हात?"

"तोंडावरचा."

"नेटवर्क खराब आहे," आई म्हणाली आणि फोन सुनेच्या हातात गेला.

उरलेल्या दिवसात दंतोपंतांनी एकच काम केलं. विचारत विचारत दातांच्या सामानाचं एक दुकान शोधलं आणि पुढच्या दातांच्या काही पट्ट्या विकत घेतल्या. सहा-सहा दात एका मेणाच्या पट्टीवर ओळीने चिकटवलेले असतात तशा. एक नाजूक, एक गोलसर, एक जरा पिवळट. काहीतरी घेतल्याशिवाय त्यांना राहवेना. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण फळं घेतो, आणि त्याला फळं वर्ज्य असतात, तसं ते होतं.

विमानतळावर तपासणीच्या यंत्रात बॅग गेली आणि बाहेर आली ती एका उंच बाईच्या हातात. तिने दोन बोटांनी पट्ट्या वर धरल्या.

"हे कुणाचे?"

"माझ्या आईचे," दंतोपंत मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले.

ती बाई एक पाऊल मागे सरकली. दंतोपंतांनी घाईघाईने खुलासा केला, की आईचे नव्हेत, आईच्या तोंडात बसवायचेत, आत्ताचे काढून. त्यावर तिने आणखी एका सहकाऱ्याला बोलावलं. शेवटी दंतोपंतांनी खिशातला आईच्या कवळीचा फोटो दाखवला, खालीवर जबडा करून दाखवला, तेव्हा सहकारी हसला आणि त्याने आपल्या दाढेतलं एक खिंडार दाखवून याचं काय करता येईल म्हणून विचारलं. विमान चुकता चुकता राहिलं.

घरी पोचले ते दुपारी. बॅग दारात ठेवली, हात साबणाने खसखसून धुतले आणि सरळ आईच्या पुढ्यात.

"आ कर."

"प्रवासातून आलेला माणूस आधी पाणी पितो," आई तळहाताआडून म्हणाली.

"आई, आ कर."

बायको पाण्याचा पेला घेऊन उभी राहिली. "आमची चौकशी नको. आम्हाला आमचेच दात आहेत ना."

दंतोपंतांनी निळा कागद दातांत धरायला लावला, चावायला लावलं, खूण बघितली. सगळीकडे सारखी. हिरडीवर लाली नाही, फोड नाही. अंगठ्याने खालची ढकलून बघितली, ती जागची हलेना. आणलेल्या पट्ट्या काढायला खिशात गेलेला हात खिशातच राहिला. बिघाड असता तर दुरुस्त करता आला असता. इथे बिघाडच नव्हता. ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मग तू हसत का नाहीस?"

आईने सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "सांगून टाका. नाहीतर हे आता माझ्या तोंडात हात घालतील."

आई उठली. भिंतीवरच्या आरशापाशी गेली आणि लेकाला बोटाने जवळ बोलावलं. दोघं शेजारी उभे राहिले. मग तिने तीन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून हात बाजूला केला आणि दात दाखवले.

"ओळख."

दंतोपंतांनी बघितलं. पुढचे दोन किंचित रुंद, डावा शेजारी जरासा आत वळलेला. "माझेच आहेत," ते म्हणाले. "साचा ठेवला होता ना समोर."

"तुझे. आणि तुला कुणी दिले?"

दंतोपंतांचं तोंड उघडं राहिलं, आणि आरशात तेच दात दुसऱ्यांदा दिसले.

"चाळीस वर्षं हे तोंड माझ्या समोर होतं," आई म्हणाली. "आता माझ्याच तोंडात आणून बसवलंस."

वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. दंतोपंतांना ते आठवत होते ते हसरे. ऑफिसात, लग्नकार्यात, कुठेही गेले तरी लोक म्हणायचे, काय दिलखुलास माणूस. दंतोपंतांनी तसं बोलूनही दाखवलं. "पण बाबा तर किती हसायचे."

"हसायचे की," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हिशेबही नव्हता. कपड्यांच्या घड्या घालत बोलावं तसं ती बोलत होती. "मी चार माणसांत काही बोलले, की आधी ते दात दिसायचे. मी बस कुठली धरावी म्हटलं तरी दात, पेपरातलं काही वाचून दाखवलं तरी दात. ओरडले नाहीत कधी, हात तर कधीच उचलला नाही. नुसते हसायचे. मग बाकीचेही हसायचे. मी मोठ्याने हसायला लागले ते त्यांच्या मागे, कळलं? हे गल्लीवाले म्हणतात ना, आजींचं हसू, ते सगळं नंतरचं. आता आरशासमोर आले आणि हसले, की ते बघतात माझ्याकडे. माझ्याच तोंडातून."

बायकोने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. दंतोपंतांना ते सगळे प्रसंग आठवत होते, फक्त ते दुसऱ्या बाजूला बसून बघितलेले होते. त्यांनीही हसून घेतलं असणार. लहान होते, पण हसले असणार. त्यांची जीभ आपोआप स्वतःच्या दातांवरून फिरली आणि त्यांनी ओठ मिटले, त्या दगडी राणीसारखे.

"मग मी हसतो तेव्हा?" खाली बसत त्यांनी ओठांआडून विचारलं.

"तुझे मी घासलेत लहानपणी," आई म्हणाली. "रोज सकाळी, रडारड करत. ते माझ्या सवयीचे आहेत. उघड तोंड, असा काय बसलायस."

"सांगायचं नाही का? फोनवर विचारत होतो रोज."

"काय सांगू? एवढी जीव तोडून केलीस. आणि बापाच्या दातांविषयी लेकाला परदेशात फोन करून सांगतात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली. दंतोपंतांनी टेबल रिकामं केलं. साचा उचलून कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. फडताळात ठेवला, काढला, मग पिशवीत गुंडाळून पुन्हा फडताळातच, मागे. आणलेल्या पट्ट्या आणि घरातल्या पट्ट्या आईपुढे मांडल्या.

"मावशीचे बघूया का? तिचे अजून शाबूत आहेत. ठसा घेतो."

"तिचे?" आई म्हणाली. "तिच्या दातांनी बोलायला लागले तर घरातून हाकलशील मला. ओळखीचे कुणाचे नकोत."

मग तिने पट्ट्या उचलून उजेडात धरल्या, उलटसुलट केल्या, कापड बघावं तशा. नाजूक पट्टीला नाक मुरडलं. गोलसर पट्टी "बाहुलीची" म्हणून बाजूला टाकली. शेवटी ट्रेच्या तळातून एक पट्टी काढली. मोठे, चौकोनी, पुढे आलेले दात. दंतोपंत ते उंच माणसांसाठी ठेवत.

"हे."

"आई, हे तुझ्या चेहऱ्याला मोठे होतील. ओठ मिटायचे नाहीत पुरते."

"मग?"

"शास्त्र असं आहे, की चेहऱ्याच्या लांबीवरून..."

"घालायचे कुणाला?"

दारातून बायको म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक देव असतं."

दंतोपंतांनी बर्नर पेटवला. मेण मऊ केलं आणि आईच्या हिरडीच्या साच्यावर एकेक दात बसवायला घेतला. आई मान पुढे काढून बघत होती आणि सूचना देत होती. हा जरा तिरका कर. अजून. एवढा सरळ नको, मी काय राणी आहे? दंतोपंतांचा हात प्रत्येक वेळी सवयीने त्या डाव्या दाताला आत वळवायला जात होता आणि ते त्याला मागे खेचत होते. बोटं त्यांचं ऐकत नव्हती. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना समोर काहीही न ठेवता दात लावायचे होते. दोनदा मेण वितळवून पहिल्यापासून लावावं लागलं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

संध्याकाळी मेणातली कवळी तयार झाली. पक्की नव्हे, नुसती बघायला. दंतोपंतांनी ती आईच्या तोंडात हलकेच बसवली आणि बजावलं, "चावायचं नाही. बोलायचं हळू. आणि हसायचं तर मुळीच नाही, मेण आहे ते."

आईने आरसा घेतला. ओठ मिटायचा प्रयत्न केला. मिटेनात. मोठे चौकोनी दात बाहेर डोकावत राहिले, एखादं अनोळखी बिऱ्हाड राहायला आलेलं असावं तसे. तिने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. दंतोपंत तिच्या उजव्या हाताकडे बघत होते. हात मांडीवर होता.

"कोण गं बाई ही?" आई म्हणाली.

आणि मग तिच्या पोटातून काहीतरी सुटलं. दंतोपंत "अगं मेण, मेण" म्हणेपर्यंत ते वर आलं, खोलीभर झालं, आणि पुढचा एक दात मेणातून निखळून टाइलवर टणटणत टेबलाखाली गेला. बायको धावत आली. सासूच्या तोंडातलं खिंडार बघून तीही दाराला धरून हसायला लागली.

"हलू नका कुणी! पाय खाली ठेवू नका!" दंतोपंत चार पायांवर टेबलाखाली शिरत ओरडले. तिथे अंधार होता, प्लास्टरचे तुकडे होते, आणि सगळेच दातांसारखे दिसत होते.

"अरे, राहू दे," वरून आई कशीबशी म्हणाली. "एक कमी चालेल."

"चालणार नाही!" टेबलाखालून दंतोपंत म्हणाले.

वरती दुसरा दात सुटल्याचा आवाज आला.